अजिंठ्याची चित्रे : जतनाची नवी दृष्टी

प्राचीन वास्तूचा जीर्णोद्धार म्हणजे पडलेला भाग नव्याने बांधणे व रंगरंगोटी करणे, असा सर्वसाधारण समज आहे. अजिंठ्याचा अनुभव मात्र वेगळा धडा देतो.

येथील चित्रे थेट दगडावर काढलेली नाहीत. ओबडधोबड भिंतीवर माती, भाताचे तूस व वनस्पतींचे तंतू यांचा गिलावा, त्यावर चुन्याचा पातळ थर आणि मग रंग, अशी त्यांची घडण आहे. म्हणूनच दमटपणा, कीटक व वटवाघळे हे त्यांचे शत्रू ठरले. १९२० ते १९२२ या काळात निजाम सरकारने चेक्कोनी व ओर्सिनी या इटालियन तज्ज्ञांना पाचारण केले. त्यांनी सुटलेला गिलावा भिंतीला पक्का केला. हे काम मोलाचेच होय. परंतु चित्रांवर दिलेला लाखेचा लेप कालांतराने पिवळा-तपकिरी पडला व मूळ रंग झाकोळले. तो लेप काढण्याचे नाजूक काम भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना पुढे करावे लागले.

यातून जतनाची काही सूत्रे ध्यानी येतात :

१) हात कमीत कमी लावावा. १९६४ च्या व्हेनिस सनदेनुसार जेथे अंदाज सुरू होतो, तेथे पुनर्स्थापनेने थांबावे. चित्राचा नष्ट झालेला भाग कल्पनेने रंगवू नये.

२) वापरलेले द्रव्य, मूळ कृतीस इजा न होता, उद्या काढता आले पाहिजे.

३) वास्तूबरोबर परिसरही राखावा. गर्दीच्या श्वासोच्छ्वासाने लेण्यातील दमटपणा वाढतो; म्हणून आत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडले जाते. खासगी वाहने सुमारे ४ कि.मी. अलीकडे, फर्दापूर फाट्यावर थांबवून पुढे बसने नेण्याची व्यवस्था याच विचारातून आली.

४) आसपासच्या गावांना रोजगार व मुलांना इतिहासाचे शिक्षण मिळावे. ज्या वारशाचा लाभ गावाला होतो, त्याची राखण गाव आपणहून करते.

दहाव्या लेण्याचे दर्शनी मुख हे वासिठीपुत कटहादी याचे दान, तर सव्विसावे लेणे भिक्खू बुद्धभद्र यांनी करविले, असे तेथील लेख सांगतात. ही लेणी अशा दात्यांच्या दानातून घडली; त्यांचे रक्षणही समाजानेच करावयाचे आहे. तेव्हा गावाजवळच्या लेण्यातील मूर्तीस श्रद्धेपोटी तैलरंग लावण्यापूर्वी क्षणभर थांबावे, पुरातत्त्व खात्याचा सल्ला घ्यावा. भिंतीवर नाव कोरणारा हात वेळीच रोखणे, हीदेखील वारशाची सेवाच होय.