संगणक सुरू होत नाही, तेव्हा



यंत्र बंद पडले म्हणजे त्याच्या पाठीवर दोन थापा माराव्यात, हा उपचार आपल्याकडे फार जुना आहे. रेडिओने या थापा खाल्ल्या, पुढे दूरचित्रवाणी संचानेही त्या निमूटपणे सोसल्या. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस आमच्या शाळेतील जुन्या संगणकाच्या वाट्यासही त्या आल्या. परंतु तो काही जागा झाला नाही. त्या दिवशी थापा मारणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे प्रांजळपणे कबूल केले पाहिजे.

आम्ही कला शाखेचे पदवीधर. घरची बोली कोंकणी आणि शिकवण्याचा विषय मराठी. यंत्रविद्येशी आमचा परिचय बेताचाच. तो संगणक मोडीत काढावा, असेच बहुतेकांचे मत पडले. परंतु त्याच्या पोटात एक ठेव होती. आपल्या सुरतेतील मराठी कुटुंबांपैकी पुष्कळशी खानदेशातून आलेली. लिंबायत, उधना, पांडेसरा या भागांत यंत्रमागांच्या आधाराने ती स्थिरावली. या घरांतील आज्यांकडून अहिराणीतील जात्यावरच्या ओव्या आणि लग्नातील गाणी आपल्या शाळेच्या मुलांनी दोन वर्षे टिपून आणली होती. ती सर्व त्या संगणकात उतरवून ठेवली आणि वह्या यथाकाल रद्दीत गेल्या. गाणी सांगणाऱ्यांपैकी दोन आज्या आता हयात नाहीत. म्हणून संगणक टाकून देण्यापूर्वी त्याला झाले तरी काय, हे पाहण्याचे आम्ही ठरविले. त्या शोधात जे शिकावयास मिळाले, ते या लेखात मांडीत आहोत.

प्रथम हे ध्यानी घ्यावे की 'संगणक सुरू होत नाही' हे रोगाचे नाव नव्हे. 'बरे वाटत नाही' एवढेच सांगणाऱ्या रोग्यास वैद्य जसा चार प्रश्न विचारतो, तसेच येथेही विचारले पाहिजेत. दिवा लागतो काय? पंखा फिरतो काय? शिट्टीसारखा आवाज येतो काय? पडद्यावर एखादे तरी अक्षर उमटते काय? या प्रश्नांची उत्तरे एका कागदावर लिहून काढावीत. निम्मे निदान तेथेच होते.

हे प्रश्न का विचारावयाचे, ते समजण्यासाठी संगणक जागा कसा होतो हे पाहू. भिंतीतून येणारी वीज २३० व्होल्टची असते. संगणकाच्या पेटीत मागील बाजूस जो विद्युतपुरवठ्याचा डबा असतो, तो तिचे १२, ५ आणि ३.३ व्होल्ट अशा सौम्य दाबांत रूपांतर करतो. बटण दाबले की हा पुरवठा सुरू होतो. तो स्थिर झाल्याची खूण मिळताच प्रोसेसर जागा होतो आणि मदरबोर्डवरील एका लहानशा चिपमध्ये कायम कोरलेल्या सूचना वाचू लागतो. या सूचनांस बायॉस असे म्हणतात. त्यांच्या आज्ञेने संगणक आधी स्वतःचीच तपासणी करतो: रॅम, म्हणजे कामापुरती स्मरणशक्ती, जागेवर आहे काय, पडदा जोडला आहे काय, इत्यादी. ही तपासणी पार पडली की हार्ड डिस्कवरून मुख्य प्रणाली उचलली जाते, आणि मग आपणास ओळखीचे चित्र दिसते.

सुरतेहून निघालेली गाडी मुंबईस पोहोचली नाही, तर आपण काय करतो? नवसारी सोडली काय, वलसाड सोडले काय, वापी सोडली काय, अशी क्रमाने चौकशी करतो. गाडी वलसाडहून सुटली आणि वापीस आली नाही, तर खोळंबा त्या दोहोंच्या मध्येच असणार. संगणकाचेही तसेच आहे. दिवा, पंखा, आवाज आणि पडदा ही त्याच्या मार्गावरील स्थानके होत.

आता आमचा अनुभव क्रमाने सांगतो. प्रथम बटण दाबले, तो दिवाही लागेना. म्हणजे गाडी सुरतेहूनच सुटली नव्हती. पेटीला हात लावण्यापूर्वी भिंतीतील सॉकेटला टेबलावरचा दिवा जोडून पाहिला, तो लागला. मग तोच दिवा जोडफळीला लावला, तो लागेना. फळीतील पट्ट्या सैल झाल्या होत्या. दुसरी फळी आणताच संगणकाचा दिवा लागला, पंखा फिरू लागला आणि मुलांनी टाळ्या वाजविल्या. पडदा मात्र काळाच राहिला. येथे एक धडा मिळाला: एक दोष सापडला म्हणजे तोच एकटा दोष असतो, असे मानू नये.

पडद्याची तार दोन्ही टोकांस नीट बसवली आणि तोच पडदा दुसऱ्या संगणकास जोडून पाहिला. तेथे तो उत्तम चालला. सारांश, दोष पेटीत होता.

पेटी उघडण्यापूर्वी तीन नियम पाळावेत. पहिला, वीज बंद करून तार भिंतीतून उपसून काढावी. नुसते बटण बंद करणे पुरेसे नाही. दुसरा, आतील भागांस स्पर्श करण्यापूर्वी पेटीच्या उघड्या धातूस हात लावावा. आपल्या अंगावरील स्थिर वीज आपणास जाणवतही नाही, परंतु नाजूक चिप तीमुळे निकामी होऊ शकते. तिसरा नियम सर्वांत महत्त्वाचा: विद्युतपुरवठ्याचा डबा विद्यार्थ्यांनी कदापि उघडू नये. तार काढल्यावरही त्यातील धारित्रांत, ज्यांस कपॅसिटर म्हणतात त्यांत, ३०० व्होल्टच्या आसपास दाब काही काळ साठून राहू शकतो, आणि तो जीवघेणा ठरू शकतो.

पेटी उघडली तो आत धुळीचे आणि सुती तंतूंचे पुटच बसलेले. मऊ कुंचल्याने ते झाडले. मग मदरबोर्डवरील लहान लहान उभ्या डब्यांकडे, म्हणजे धारित्रांकडे, निरखून पाहिले. एकविसाव्या शतकाच्या आरंभीच्या अनेक संगणकांत सदोष धारित्रे बसविली गेली होती. त्यांची माथी फुगतात किंवा त्यांतून तपकिरी द्रव पाझरतो. आमच्या संगणकात सर्वांची माथी सपाट होती. तेव्हा आशेला जागा होती.

आता रॅमची पट्टी काढली आणि तिच्याविनाच बटण दाबले. तोच पेटीतून लांबलचक शिट्ट्या ऐकू आल्या! मुले दचकली, आम्हांस मात्र तो आवाज गोड वाटला. रॅम नसल्याची तक्रार करण्याइतका प्रोसेसर शुद्धीवर होता. म्हणजे पुरवठा, मदरबोर्ड आणि प्रोसेसर ही तिन्ही स्थानके गाडीने ओलांडली होती. खोळंबा रॅमपाशी होता. पुन्हा वीज तोडून पट्टीच्या पिवळसर कडा मुलांच्या साध्या खोडरबराने हलकेच पुसल्या. कचरा झटकला आणि दोन्ही बाजूंच्या खिट्ट्या 'टक्' असा आवाज करीपर्यंत पट्टी बसवली. समुद्र आणि तापी यांच्या सान्निध्याने सुरतेच्या हवेत जो दमटपणा असतो, त्याने त्या कडांवर मळाचा पातळ थर चढला होता. तेवढ्याने वीज अडली होती.

बटण दाबताच पडद्यावर पांढरी अक्षरे उमटली. त्यांत तारीख होती १ जानेवारी २००२. संगणकास वीस वर्षांहून अधिक काळाचे विस्मरण झाले होते! याचे कारण मदरबोर्डवरील नाण्याएवढा सेल. वीज नसतानाही घड्याळ चालू ठेवणारा हा ३ व्होल्टचा सेल काही वर्षांनी संपतो. तो बदलला, तारीख दुरुस्त केली, आणि काही मिनिटांत ते परिचित चित्र प्रकटले. सर्व ओव्या जशाच्या तशा होत्या. ज्या मुलीची आजी गेल्या वर्षी वारली, तिने आपल्या आजीचे गाणे उघडून मनातल्या मनात वाचले. तिच्याशी त्या वेळी कोणी बोलले नाही.

जर आमचा प्रयत्न फसला असता, तर? तरीही ती ठेव बुडाली नसती. संगणक मृत झाला तरी हार्ड डिस्क बहुधा शाबूत असते. ती काढून दुसऱ्या संगणकास जोडता येते. मात्र तीमधून टकटक असा आवाज येऊ लागला, तर पुनःपुन्हा चालू न करता जाणत्याकडे न्यावी. ऑगस्ट २००६ मध्ये तापीच्या महापुराने आपले शहर बुडविले, हे तुमच्या वडीलधाऱ्यांस स्मरत असेल. पाण्यात भिजलेले यंत्र 'चालते का पाहू' म्हणून लगेच चालू करणे हीच सर्वांत मोठी चूक होय.

९ सप्टेंबर १९४७ रोजी अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठाच्या मार्क-२ या संगणकात एक पतंग अडकलेला सापडला. तेथील लोकांनी तो नोंदवहीत चिकटवून त्याखाली नोंद केली. शोध लागला की लिहून ठेवावे, ही सवय आपणही लावून घ्यावी. आमच्या मुलांनी आता अशी एक वही त्या संगणकाशेजारी टांगली आहे.

अखेरीस एक गोष्ट सांगितलीच पाहिजे. रॅमवरील मळ हा यंत्राचा दोष होता; परंतु दोन वर्षांच्या श्रमांची एकच प्रत ठेवणे, हा दोष सर्वस्वी आमचा होता. आता त्या ओव्यांच्या तीन प्रती आहेत: एक संगणकात, एक शाळेबाहेर ठेवलेल्या वेगळ्या डिस्कवर आणि एक कागदावर छापून ग्रंथालयाच्या कपाटात. ज्या आज्यांनी ती गाणी दिली, त्यांना पुन्हा विचारण्यास जाता येणार नाही. यंत्र दुरुस्त होते, नवे आणता येते. तुमच्या घरी आजी असेल, तर आजच वही घेऊन तिच्यापाशी बसा, आणि लिहिलेल्याची दुसरी प्रत करावयास विसरू नका.