‘डझन’ आणि ‘बारा’

‘एक डझन म्हणजे किती?’ असे विचारताच चौथीचा वर्ग एका सुरात ‘बारा’ असे उत्तर देतो. परंतु ‘पाऊण डझन केळी म्हणजे किती?’ असा प्रश्न येताच तोच वर्ग स्तब्ध होतो. कोष्टक पाठ झाले, अर्थ मात्र उमगला नाही. उद्या याच बालकांस बाजारात फसगत सोसावी लागेल. म्हणून शिक्षकबंधु-भगिनींनी हा शब्द नीट समजावून द्यावा.

‘डझन’ हा शब्द मराठीने इंग्रजीतून घेतला व इंग्रजीने जुन्या फ्रेंचमधून. त्याचे मूळ लॅटिनमधील ‘दुओदेकिम’ या संख्यानामात आहे. ‘दुओ’ म्हणजे दोन व ‘देकेम’ म्हणजे दहा. संस्कृतातील ‘द्वादश’ हा शब्दही असाच ‘दोन आणि दहा’ मिळून झालेला आहे, कारण लॅटिन व संस्कृत या एकाच भाषाकुलातील भाषा होत. ‘द्वादश’पासून प्राकृताच्या द्वारे ‘बारा’ झाले. अर्थात परका वाटणारा ‘डझन’ हा ‘बारा’चा दूरचा आप्तच होय.

डझनाचा मुख्य अर्थ बारा नगांचा संच. बारा डझनांचा, म्हणजे १४४ नगांचा, एक ग्रोस होतो. याशिवाय या शब्दास एक मोघम अर्थही आहे. ‘त्याने डझनभर सबबी सांगितल्या’ असे म्हणताना त्या कोणी मोजलेल्या नसतात. ‘बारा गावचे पाणी प्यालेला’ या वाक्प्रचारातील ‘बारा’ही असेच मोघम आहे.

१९५६ च्या कायद्याने भारतात मेट्रिक वजनमापे आली व १९५७ साली दशमान नाणी सुरू झाली. तरीही केळी व आंबे डझनावर विकले जातातच. दहा नगांचे २ किंवा ५ सारखे वाटे पडतात. बारांचे मात्र २, ३, ४ किंवा ६ पडतात. वाटणीची ही सोय बारांमध्ये आहे.

वर्गात पुढील कृती घ्यावी. अंगठ्याने उरलेल्या चार बोटांची पेरी मोजावीत. प्रत्येक बोटास तीन, म्हणजे एकूण बारा. एक बोट म्हणजे पाव डझन, दोन बोटे म्हणजे अर्धा व तीन बोटे म्हणजे पाऊण. डझनास ६० रुपये दर असल्यास एका बोटाचे १५ व तीन बोटांचे ४५ रुपये, हे मुलांनी स्वतः सांगावे. कोष्टक त्यानंतरच पाठ करून घ्यावे.