आठवणीचे कापड : गोधडीच्या आधारे एक हस्तकला-पाठ
(इयत्ता चौथी व पाचवी, तासिका चार)

प्रस्तावना
जुन्या लुगड्या-धोतरांचे थर आत घालावयाचे, वर रंगीत ठिगळे मांडावयाची आणि कडेपासून मध्याकडे धावदोरा घालीत जावयाचे, ही गोधडीची रीत. कोणते ठिगळ कोणाच्या अंगावरचे, हे शिवणारीस ठाऊक असते. अशी स्मृती कापडावर उतरविण्याची कला अन्यत्रही आहे. चिली देशात १९७३ साली लष्कराने सत्ता बळकावली. पुढे बेपत्ता झालेल्या माणसांच्या आया-बहिणींनी गोणपाटावर चिंध्या शिवून आपली हकीकत मांडली. काहींनी त्या माणसांचेच कपडे त्यासाठी वापरले.

साहित्य
वीतभर चौरस गोणपाट, चिंध्या, जाड दोरा, बोथट टोकाची मोठी सुई. वडीगोद्रीच्या परिसरात कापूस वेचल्यावर उरलेले वाळके बोंड, उसाचे पाचट, जुनी बटणे, एस.टी.चे तिकीट या वस्तू सहज मिळतात. पाचटाची कड हाताला कापते. ते आधी भिजवून घ्यावे.

कृती
१. मुलांनी घरातील वडीलधाऱ्यांस गोधडीतील एका ठिगळाची हकीकत विचारून यावी.
२. प्रत्येकाने स्वतःची एक आठवण निवडावी. ‘तेथे कोण होते? कशाचा आवाज येत होता? अंगाला काय लागत होते?’ एवढेच शिक्षकांनी विचारावे. फळ्यावर नमुना काढू नये. काढल्यास तीस मुले एकच झोपडी शिवतात.
३. तुकडे प्रथम मांडून पाहावेत, मग धावदोऱ्याने शिवावेत. बोंड, तिकीट इत्यादी वस्तू टाक्यांनी बांधाव्यात. खळीवर विसंबू नये.

विशेष दक्षता
घरचे कापड आणण्याची सक्ती नसावी. कित्येक घरी देण्याजोगे कापड नसते. शिंप्याकडील चिंध्यांचे गाठोडे वर्गात सर्वांपुढे आधीच ठेवावे, म्हणजे कोणास उणेपणा वाटणार नाही. घरचे कापड आणल्यास वडीलधाऱ्यांची संमती घ्यावी. ते दिवंगत माणसाचे असल्यास कापू नये. घडी घालून सैल टाक्यांनी अडकवावे. त्याची हकीकत मुलाने वर्गापुढे सांगितलीच पाहिजे असे नाही.

ऊसतोडीच्या हंगामाहून परतलेल्या मुलांचा विचार अगत्याने व्हावा. ‘माझे घर’ हा विषय दिला की ती पुस्तकातील कौलारू घर शिवतात. ‘मी जेथे झोपत असे ती जागा’ हा विषय द्यावा. मग कोपीचे पाचट, बैलगाडी, पहाटेची चूल ही गोणपाटावर येतात, आणि शाळेबाहेर गेलेले ते महिने शाळेत मोजले जातात.

मूल्यमापन
टाके वाकडे म्हणून गुण कापू नयेत व शिक्षकांनी ते उसवून सुधारू नयेत. ‘हा तुकडा येथे का?’ याचे उत्तर मुलाजवळ असले म्हणजे पाठ साधला. सर्व चौरस लांब टाक्यांनी जोडून भिंतीवर लावावेत. वर्षाअखेरीस ते उसवून ज्याचा त्यास परत द्यावेत.