टूल कोणतं शिकू? आधी बिघाड शोधायला शिका

बीएस्सी आयटी किंवा बीसीए करणाऱ्या मुलांचे पालक एक प्रश्न हमखास विचारतात : लिनक्स अॅडमिन व्हायचं तर नेटवर्कचं कोणतं टूल शिकायचं? एका क्लासच्या पत्रकात नेटप्लॅन, दुसऱ्यात एनएमसीएलआय, तिसऱ्यात अजूनही आयएफकॉन्फिग.

खरं तर इथे निवडीला फारसा वाव नसतो. सर्व्हरवर जे लिनक्स, त्याचंच टूल आपलं. उबुंटू सर्व्हरवर १८.०४ पासून नेटप्लॅन आहे. रेड हॅटने २०२२च्या नवव्या आवृत्तीत जुनी नेटवर्क स्क्रिप्ट्स काढूनच टाकली. तिथे नेटवर्कमॅनेजर, आणि तो हाताळायला एनएमसीएलआय. आयएफकॉन्फिगवरच आठवडा काढणारा क्लास असेल, तर फी भरायची घाई करू नका. त्याची जागा ‘आयपी’ कमांडने केव्हाच घेतली आहे.

पगार मिळतो तो बिघाड शोधण्याचा. मुलगी एका फाइलमध्ये आयपी बदलते, सर्व्हर रीबूट करते आणि पहिले पाढे पंचावन्न! कारण ते नेटवर्क कार्ड भलत्याच टूलच्या ताब्यात असतं. म्हणून पहिला प्रश्न, याचा मालक कोण? ‘एनएमसीएलआय डिव्हाइस स्टेटस’ने कार्डापुढे ‘अनमॅनेज्ड’ दाखवलं, तर नेटवर्कमॅनेजर त्याला हातही लावत नाही. मग सिस्टमडी-नेटवर्कडी या दुसऱ्या व्यवस्थापकाकडे चौकशी करायची. त्यानंतर खालून वर जायचं : केबलची लिंक आहे का, पत्ता मिळाला का, गेटवेला पिंग जातो का. ८.८.८.८ला पिंग जातो पण वेबसाइटचं नाव सापडत नाही, तर डीएनएस तपासायचं. मुलाखतीत हा क्रम न अडखळता सांगणारी मुलं थोडीच भेटतात.

दूरच्या सर्व्हरवर तर चूक महागात पडते. एसएसएचने आत शिरून गेटवे चुकवला, की आपलाच रस्ता बंद. नेटप्लॅनमध्ये यासाठी ‘ट्राय’ आहे : बदल लागू होतो, आणि १२० सेकंदांत तुम्ही एंटर दाबला नाही तर जुनी मांडणी परत येते. (नेटप्लॅनच्या यामल फाइलमध्ये इंडेंटसाठी टॅब दाबाल तर ती फाइल वाचलीच जात नाही. नवशिक्यांचा निम्मा वेळ यातच जातो.)

सरावाला महागडी लॅब लागत नाही. घरच्या लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स टाका, त्यात एक उबुंटू आणि रेड हॅटच्या धर्तीचं, फुकट मिळणारं अल्मालिनक्स. मग मुद्दाम मोडा : गेटवे चुकवा, डीएनएस पुसा, आणि मित्राला दुरुस्त करायला सांगा. रेड हॅटच्या आरएचसीएसए परीक्षेतही बहुपर्यायी प्रश्न नसतात. चालू मशीनवर काम करून दाखवावं लागतं आणि केलेली मांडणी रीबूटनंतर टिकावी लागते. तिची फी बरीच आहे, तेव्हा असा सराव झाल्यावरच अर्ज भरा.

पालकांसाठी आणखी एक : सुरुवातीच्या नोकरीत बहुधा शिफ्ट असते, रात्रपाळीही येते. त्याबद्दल ऑफर स्वीकारण्याआधीच स्पष्ट विचारून घ्या.