रात्रीच्या ऊस वाहतुकीसाठी जुन्या गाडीचे हेडलाईट कसे निवडावेत?



या पानावर मी एरवी बेणे, खते, खोडव्याची निगा यांवर लिहीत असतो. या वेळी विषय थोडा वेगळा आहे. गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या गटांतले ट्रॅक्टर आणि जीपगाड्या रात्र-रात्र रस्त्यावर असतात. त्यांतल्या पुष्कळ गाड्या दहा-पंधरा वर्षांच्या जुन्या. मालकाचे लक्ष इंजिनाकडे असते, टायरकडे असते; हेडलाईटकडे मात्र तो पार विझेपर्यंत कोणी बघत नाही. आणि विझला की दुकानदार हातात ठेवील तो दिवा बसवून मोकळे.

मीही तेच केले होते. माझ्या जुन्या जीपचा उजेड बारीक पडू लागला, म्हणून जास्त वॉटचे, १००/९० चे बल्ब आणून घातले. चार दिवस फार खूष होतो. महिन्याभरात एका रात्री कालव्याच्या पुलाजवळच्या वळणावर दोन्ही दिवे एकदम गेले. पुढे उसाच्या बैलगाड्यांची रांग. त्यांना मागे दिवा नव्हता आणि मला पुढे नव्हता. ब्रेक लागला म्हणून निभावले, तरी शेवटच्या गाडीतून बाहेर आलेले ऊस बॉनेटला घासलेच. गाडीवान खाली उतरून मलाच विचारतो, "साहेब, लागलं नाही ना?" मला बोलायला तोंड नव्हते.

दुसऱ्या दिवशी इलेक्ट्रिशियनने दिव्याचा खटका उघडला, तर तो आतून वितळलेला. हिशोब सोपा आहे. जुन्या गाड्यांत सर्रास असणारा एच-४ जातीचा प्रमाण बल्ब १२ व्होल्टला ६०/५५ वॉटचा असतो, म्हणजे अप्परला ६० आणि डिप्परला ५५. अप्परवर दोन्ही दिवे मिळून १० अँपिअर करंट ओढतात. १०० वॉटचे दोन बल्ब घातले की तोच करंट साडेसोळाच्या पुढे जातो. जुनी वायर, जुना होल्डर, जुना खटका यांना तो सोसत नाही. ज्यादा युरिया टाकून उसाला काळोखी येते, पण साखरेचा उतारा घसरतो, तसलाच हा प्रकार.

मुख्य गोष्ट पुढेच आहे. मूळचा बल्ब बारीक पेटत होता, त्यात बल्बचा दोष नव्हताच. अर्थची वायर बॉडीला जिथे कसली होती, तिथे गंज चढला होता. हॅलोजन बल्बला मिळणारा दाब १० टक्क्यांनी कमी झाला, तर उजेड सुमारे ३० टक्क्यांनी घटतो. म्हणून नवा दिवा घेण्याआधी इंजिन चालू ठेवून, दिवा लावून, बॅटरीवरचे व्होल्टेज मल्टिमीटरने बघा. मग दिवा पेटता ठेवूनच बल्बच्या पिनांवर बघा. अर्ध्या व्होल्टपेक्षा जास्त फरक आला, तर पैसे दिव्यावर घालू नका. अर्थचा बोल्ट काढून पॉलिश पेपरने घासा, कुजलेली वायर बदला आणि बॅटरीवरून जाड वायर घेऊन रिले बसवा. रिले असला की मोठा करंट खटक्यातून जातच नाही.

एवढे करूनही उजेड पडत नसेल, तर दिव्याच्या आत बघा. रिफ्लेक्टर काळपटला किंवा त्याची चकाकी उडाली असेल, तर तो पुसून येत नाही; फडका मारला की उरलासुरला मुलामाही जातो. अशा वेळी पूर्ण दिवाच बदलावा. जुन्या जीपचा गोल दिवा सात इंची असतो आणि त्या मापाचा काच-रिफ्लेक्टरचा संच सहज मिळतो. ट्रॅक्टरच्या दिव्यांची मापे मात्र निरनिराळी आहेत, तेव्हा जुना दिवा काढून दुकानात सोबत न्यावा. बल्बवरचे व्होल्टही वाचावेत. ट्रकचा २४ व्होल्टचा बल्ब दिसायला तसाच असतो. तो ट्रॅक्टरला घातला तर लालसर मिणमिणतो. निळसर काचेचे बल्ब घेऊ नयेत. ते पांढरे दिसतात खरे, पण निळा रंग उजेड अडवतो. बसवताना हॅलोजनच्या काचेला बोट लावू नका. बोटाच्या तेलकटपणाने ती जागा जास्त तापते आणि बल्ब लवकर जातो.

आता एलईडीविषयी, कारण तरुण मंडळी हेच विचारतात. जुन्या हॅलोजनच्या दिव्यात नुसता एलईडी बल्ब खोचणे मला पसंत नाही. एच-४ मध्ये डिप्परच्या तारेखाली एक छोटी धातूची वाटी असते. ती उजेड वर जाऊ देत नाही. रिफ्लेक्टरचा आकार त्या तारेची नेमकी जागा धरून केलेला असतो. एलईडीत उजेडाची जागा थोडी जरी सरकली, तरी डिप्पर मारूनही झोत समोरच्याच्या डोळ्यात जातो. आपल्याला वाटते, काय लख्ख पडलाय! समोरून मोटारसायकलवर येणाऱ्याला मात्र क्षणभर काही म्हणजे काही दिसत नाही. तो आपल्याच गावचा असतो, दूध घालून परत निघालेला. डोळे दिपवणारा दिवा केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ प्रमाणेही चालत नाही. स्वतःची काच असलेला पूर्ण एलईडी दिवा ही गोष्ट वेगळी. तो चांगल्या बनावटीचा असेल तर हरकत नाही. टपावरच्या एलईडी पट्टीला डिप्परच नसतो. ती फडात ऊस भरताना लावा, रस्त्याला लागण्याआधी बंद करा.

आणखी एक फसगत होते. परदेशी बनावटीचे काही दिवे रस्त्याच्या उजव्या बाजूने गाड्या चालवणाऱ्या देशांसाठी केलेले असतात. त्यांचा डिप्परचा झोत उजवीकडे चढतो, म्हणजे आपल्याकडे थेट समोरच्या गाडीवर. ज्या दिव्याच्या काचेवर गोलात इंग्रजी ई अक्षर आहे, तो आपल्या उपयोगाचा असेल तर काचेसमोर उभे राहून बघणाऱ्याच्या उजवीकडे रोखलेला बाण असतो. कुठलीच खूण नसेल, तर भिंतीवर झोत टाकून बघावा. डिप्परची रेषा उजवीकडे सपाट किंवा खालीच हवी. उजवीकडे चढत असेल तर दिवा परत करा.

दिवा बसवला म्हणजे काम संपत नाही, झोत लावावा लागतो. सपाट जागी, भिंतीपासून १० मीटरवर गाडी उभी करा. दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने मांडा. डिप्परची वरची कड त्या रेषेच्या साधारण १० सेंटिमीटर खाली यावी. ट्रॅक्टरचा झोत रिकाम्या ट्रॅक्टरवर लावून चालत नाही. भरल्या ट्रॉलीचा बोजा हुकावर आला की ट्रॅक्टरचे नाक उचलते. नाक नुसते एक अंश उचलले, तरी १० मीटरवर झोत १७ सेंटिमीटर वर जातो. म्हणजे खाली असलेली कड रेषेच्या वर गेली!

कारखान्याच्या आवारात वजनकाट्याच्या पुढे गोदामाची जी लांब भिंत आहे, तिच्यासमोर १० मीटरवर आम्ही चुन्याची पट्टी मारून घेतली आहे. गव्हाणीकडे जाण्याआधी नंबर लागेपर्यंत वेळ असतोच, तेवढ्यात झोत तपासून होतो. खडू, पाना आणि मल्टिमीटर शेतकी ऑफिसात रात्रपाळीच्या माणसाकडे ठेवले आहेत. ट्रॉली भरलेली असतानाच यावे. खाली करून परतताना आलात तर उपयोग नाही.

— ऊस विकास अधिकारी