विजेवर चालणाऱ्या डर्ट बाइकसाठी टायरची निवड

दुचाकी वाहन जमिनीला टेकते ते केवळ दोन ठिकाणी, आणि त्या प्रत्येक ठिकाणाचे क्षेत्र माणसाच्या तळहाताहून फारसे मोठे नसते. मोटरची शक्ती, ब्रेकची पकड आणि स्वाराचा तोल या तिन्ही गोष्टी अखेर एवढ्याशा रबरावर विसंबून असतात. डांबरी रस्त्यावर ही बाब सहसा ध्यानात येत नाही. माती, वाळू, मुरूम आणि दगडगोटे यांवरून धावण्यासाठीच बनविलेल्या डर्ट बाइकच्या बाबतीत मात्र ती पहिल्याच वळणावर प्रत्ययास येते.

गेल्या काही वर्षांत विजेवर चालणाऱ्या डर्ट बाइक अनेक देशांत प्रचारात आल्या आहेत. पुण्याच्या बजाज ऑटोने २००७ पासून भागभांडवल घेतलेल्या केटीएम या ऑस्ट्रियन कंपनीने २०१४ च्या सुमारास ‘फ्रीराइड ई’ ही गाडी विक्रीस आणली. चीनमधील चोंगचिंग येथील ‘सुर-रॉन लाइट बी’ ही त्याहून पुष्कळ हलकी गाडी तरुणांत लोकप्रिय झाली. २०२१ च्या अखेरीस स्पेनमधील स्टार्क कंपनीने ‘वार्ग’ ही शर्यतीची गाडी सादर केली. या गाड्यांच्या वजनांतच मोठी तफावत आहे. लाइट बी पन्नास ते साठ किलोच्या आसपास भरते, तर वार्ग सादर करताना तिचे वजन ११० किलो असल्याचे जाहीर करण्यात आले होते. दोन्ही गाड्या ‘विजेवरील डर्ट बाइक’ या एकाच नावाने ओळखल्या जातात. पण एकीचा टायर दुसरीस चालत नाही. निवडीतील चुकांचा उगम बहुधा येथेच असतो.

टायरवरील आकडे काय सांगतात?

टायरच्या बाजूवर कोरलेले आकडे ही त्याची जन्मपत्रिकाच होय. लाइट बीच्या दोन्ही चाकांना ७०/१००-१९ या मापाचा टायर असतो. यातील ७० हा आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये सांगतो. १०० म्हणजे टायरची उंची रुंदीच्या शंभर टक्के, अर्थात तीही ७० मिलिमीटर. १९ हा रिमचा इंचांतील व्यास होय. यावरून बाह्य व्यास काढता येतो. १९ इंच म्हणजे सुमारे ४८३ मिलिमीटर. त्यात वरची व खालची मिळून १४० मिलिमीटर उंची मिळविली की ६२३ मिलिमीटर होतात. मोठ्या मोटोक्रॉस गाड्यांना पुढे ८०/१००-२१ आणि मागे ११०/९०-१९ ही मापे रूढ आहेत.

मापानंतर येणारा अंक व अक्षर यांकडे बहुतेक ग्राहक दुर्लक्ष करतात. ‘४२ एम’ असे लिहिलेले असेल, तर ४२ हा भारनिर्देशांक असून त्याचा अर्थ त्या टायरने १५० किलोपर्यंत भार सोसावा असा होतो. ५१ चा अर्थ १९५ किलो आणि ६२ चा अर्थ २६५ किलो. ‘एम’ हे अक्षर ताशी १३० किलोमीटरची वेगमर्यादा दर्शविते. याखेरीज चार अंकांचा एक गट असतो. तो ‘३२२४’ असल्यास टायर २०२४ सालच्या बत्तिसाव्या आठवड्यात तयार झाला असे समजावे. दुकानात वर्षानुवर्षे पडून राहिलेल्या टायरचे रबर कडक होते आणि नवेपणाची चकाकी टिकूनही पकड कमी होते.

येथे एक सावधगिरी बाळगणे अगत्याचे आहे. मोटारसायकलच्या मापातील शेवटचा आकडा रिमचा असतो. सायकलच्या जुन्या मापातील आकडा मात्र टायरच्या बाह्य व्यासाचा असतो. त्यामुळे २० इंची सायकलचे नेहमीचे ४०६ मिलिमीटरचे रिम मोटारसायकलच्या हिशेबाने १६ इंचांचे भरते. हलक्या विद्युत गाड्या सायकल व मोटारसायकल यांच्या सीमेवर उभ्या असल्याने नुसत्या इंचांच्या आकड्यावरून टायर मागविणाऱ्याची फसगत होण्याचा संभव असतो.

माप जुळणे म्हणजे काय?

रिमचा व्यास जुळला की टायर बसला, अशी समजूत सर्वत्र आढळते. ती अर्धीच खरी आहे. उदाहरणार्थ, आपल्याकडे बुलेटच्या पुढच्या चाकाचा ९०/९०-१९ मापाचा टायर सहज मिळतो. लाइट बीचे रिमही १९ इंचांचेच. परंतु लाइट बीचे रिम केवळ १.४ इंच रुंद असते, तर बुलेटच्या टायरला त्याहून रुंद रिम अपेक्षित असते. अरुंद रिमवर चढविलेला रुंद टायर दोन्ही बाजूंनी आत ओढला जातो. त्याचा माथा फुगीर होतो आणि वळणावर गाडी कलली असता तो रिमवर डुलू लागतो. कड रिममध्ये घट्ट बसली नसल्यास हवा कमी असताना ती सुटण्याचा धोकाही असतो.

शिवाय या टायरचा बाह्य व्यास सुमारे ६४५ मिलिमीटर, म्हणजे मूळ टायरपेक्षा २२ मिलिमीटरने अधिक असतो. मागचे चाक मोठे झाले की चेनचे दाते तेच राहूनही गिअरिंग बदलते. मोटरला प्रत्येक फेऱ्यात अधिक अंतर ओढावे लागते आणि चढावर तिचा जोर कमी पडतो. वेगाचे मोजमाप मोटरच्या फेऱ्यांवरून होत असेल, तर वेगदर्शकाचा आकडाही खोटा ठरतो. व्यासात साडेतीन टक्के वाढ झाल्यास काटा ६० दाखवीत असताना गाडी प्रत्यक्षात ६२ च्या वेगाने धावत असते.

तिसरी बाब मोकळ्या जागेची. मागचा टायर आणि त्याला दोन्ही बाजूंनी धरणारा स्विंगआर्म, चेन, तसेच वरचे मडगार्ड यांच्यात पुरेसे अंतर हवे. गाडी उभी असताना मोजलेले अंतर फसवे असते. स्वार बसल्यावर, उडीनंतर सस्पेन्शन पूर्ण दबल्यावर आणि चेन ताणण्यासाठी चाक पुढे-मागे सरकविल्यावर हे अंतर बदलते. त्यातच चिखल भरतो. ज्या फटीत कोरड्या दिवशी बोट जाते, तीच पावसाळ्यात चिखलाने बुजून चाक जखडून टाकते. एकाच मापाचे दोन कंपन्यांचे टायर प्रत्यक्षात काही मिलिमीटरनी कमी-अधिक भरतात, हेही विसरून चालत नाही. कारण कडेचे रबरी ठोकळे टायरच्या धडाबाहेर डोकावत असतात.

वजनाचे दोन हिशेब

वजनाचा विचार दोन अंगांनी करावा लागतो. पहिला हिशेब गाडी व स्वार यांच्या वजनाचा. साठ किलोची गाडी आणि ऐंशी किलोचा स्वार मिळून १४० किलो होतात. प्रत्येकी १५० किलो क्षमतेचे दोन टायर त्यास पुरेसे वाटतात. पण दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. उडी मारून गाडी खाली येते तेव्हा क्षणभर एकाच चाकावर स्थिर वजनाच्या कितीतरी पट भार येतो. तसेच निर्देशांकातील क्षमता ठरावीक दाबाची हवा भरली असतानाच खरी असते. मोटोक्रॉसमध्ये साधारणतः १२ ते १५ पाऊंड इतकी कमी हवा ठेवतात. त्या स्थितीत टायरची भार सोसण्याची शक्ती कोरलेल्या आकड्यापेक्षा कमी झालेली असते. म्हणून मूळ टायरपेक्षा कमी निर्देशांकाचा टायर केवळ हलका आहे म्हणून घेणे धोक्याचे होय.

दुसरा हिशेब खुद्द टायरच्या वजनाचा. लाइट बीच्या मापाचा टायर सुमारे अडीच किलोचा, तर मोठ्या मोटोक्रॉस गाडीचा मागचा टायर पाच किलोच्या आसपास असतो. साधी आणि जाड ट्यूब यांतही अर्धा ते एक किलोचा फरक पडू शकतो. चाकाच्या परिघावरील वजनाला दुहेरी काम करावे लागते: ते पुढेही सरकते आणि फिरतेही. त्यामुळे गाडीला वेग देताना टायरमधील एक किलो हा सांगाड्यावरील जवळजवळ दोन किलोंइतका भारी पडतो.

हे ऐकून अनेक जण सर्वांत हलक्या टायरच्या शोधात निघतात. तेव्हा हिशेब पुरता करून पाहावा. गाडी व स्वार मिळून १३० किलो धरले, तर टायरमध्ये वाचविलेल्या एका किलोमुळे वेग घेताना होणारी बचत फार तर दीड टक्का भरते. एकसारख्या वेगाने धावताना ती त्याहूनही कमी असते. बॅटरीचा खरा अपव्यय होतो तो टायर वारंवार दबून पुन्हा उठण्यात आणि रबरी ठोकळे मऊ जमिनीत रुतण्यात. हलका पण चुकीच्या नक्षीचा टायर त्यामुळे जड टायरपेक्षा अधिक वीज खाऊ शकतो.

हलकेपणाचा खरा लाभ वेगळ्या ठिकाणी आहे. चाके स्प्रिंगच्या खाली असतात. ती जितकी हलकी, तितक्या चपळपणे सस्पेन्शन त्यांना खाचखळग्यांतून वरखाली नेते. पुढचे चाक हलके असेल तर हँडल वळविणेही सोपे जाते. साठ किलोच्या गाडीत हा फरक स्वाराच्या हातांना चटकन जाणवतो. परंतु टायर हलका होतो तो बहुधा आतील थर व बाजू पातळ करून. खडकाळ जमिनीवर असा टायर रिम आणि दगड यांच्यात चेपला जातो आणि ट्यूबला सापाच्या दंशासारखी दोन छिद्रे पडतात. कधी रिमच वाकते. वाचविलेल्या किलोची किंमत मग घरापासून दूर, गाडी ढकलत चुकवावी लागते.

विजेच्या मोटरचे वेगळेपण

विजेची मोटर पहिल्या फेऱ्यापासूनच भरपूर पीळ देते. हा पीळ मागच्या टायरवर एकदम येतो, ठोकळ्यांच्या कडा लवकर झिजतात आणि कमी हवेत टायर रिमवरून सरकू लागतो. त्याबरोबर ट्यूबही ओढली जाऊन तिचा व्हॉल्व्ह तिरपा होतो व शेवटी मुळाशी फाटतो. तिरपा व्हॉल्व्ह ही धोक्याची पहिली खूण आहे. त्यावर उपाय म्हणजे टायरची कड रिमला आवळून धरणारे रिम-लॉक. त्याचे थोडे वजन सोसणे शहाणपणाचे ठरते.

जमीन कोणती?

मऊ चिखलासाठी उंच आणि दूरदूर ठोकळ्यांचा टायर हवा, म्हणजे चिखल झडून जातो. कठीण मुरमाड जमिनीवर तेच ठोकळे वाकतात. तेथे आखूड व दाट ठोकळे उपयोगी पडतात. फ्रीराइडला ट्रायल प्रकारचे, आखूड दाट ठोकळ्यांचे मऊ टायर देण्यात आले होते. ते दगडांवर चांगली पकड घेतात आणि जमीनही कमी उकरतात. या शेवटच्या गुणाचे महत्त्व मोठे आहे. आंतरराष्ट्रीय मोटारसायकल महासंघाने एन्ड्युरो शर्यतींसाठी ठोकळ्यांची उंची १३ मिलिमीटरपर्यंत मर्यादित केली, ती वाटांची धूप कमी व्हावी म्हणूनच. सह्याद्रीतील जांभ्याच्या पठारांवर मातीचा थर बोटभरच असतो आणि पावसाळी वनस्पती त्याच थरावर जगतात. अशा ठिकाणी कोणता टायर लावावा हा प्रश्नच गैरलागू आहे. तेथे गाडी न नेणे हेच योग्य.

टायर आणि कायदा

अनेक मोटोक्रॉस टायरांवर ‘सार्वजनिक मार्गावर वापरासाठी नाही’ अशी इंग्रजी सूचना कोरलेली असते. डांबरावर ठोकळ्यांच्या टोकांवरच गाडी तोलली जाते आणि ब्रेक लावताच ती घसरते. कायद्याची भूमिकाही याच्याशी सुसंगत आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांनुसार अर्ध्या तासाच्या मापनात पाव किलोवॉटपेक्षा कमी शक्ती आणि ताशी २५ किलोमीटरपेक्षा कमी वेग असलेल्या, अन्य अटीही पाळणाऱ्या बॅटरी वाहनांनाच मोटार वाहनाच्या व्याख्येतून सूट आहे. वर उल्लेखिलेल्या गाड्या या मर्यादेच्या कितीतरी पुढे आहेत. नोंदणीविना त्यांना सार्वजनिक रस्त्यावर आणता येत नाही. गाडी आवाज करीत नाही आणि दिसते सायकलसारखी, म्हणून ती मुलाच्या हाती देणाऱ्या पालकांनी आणखी एक गोष्ट जाणून घ्यावी. २०१९ च्या सुधारणेने आलेल्या कलम १९९-अ नुसार अल्पवयीनाने मोटार वाहन चालवून गुन्हा केल्यास पालक किंवा वाहनमालक तीन वर्षांपर्यंतच्या कैदेस व २५ हजार रुपये दंडास पात्र ठरतो. शाळेच्या आवारात वा ग्रामसभेत ही माहिती सांगितली गेल्यास एखादा अपघात टळू शकेल.

खरेदीपूर्वी पाहावयाच्या बाबी

१. रिमचा व्यास आणि रुंदी दोन्ही पाहावीत.
२. स्विंगआर्म, चेन व मडगार्ड यांपासूनचे अंतर स्वार बसवून मोजावे.
३. भारनिर्देशांक मूळ टायरपेक्षा कमी नसावा.
४. नेहमीची जमीन कोणती, त्यानुसार नक्षी निवडावी.
५. त्यानंतरच वजन पाहावे. जुना टायर ट्यूबसह तोलून त्याच्याशी नव्याची तुलना करावी.
६. बसविताना बाण फिरण्याच्या दिशेने ठेवावा, कडेला साबणाचे पाणी लावावे आणि कडेजवळची रेषा रिमभोवती सर्वत्र सारखी दिसते याची खात्री करावी.
७. हवा गाडी थंड असताना मापकाने तपासावी.

या यादीत वजनाचा क्रम पाचवा आहे, तो हेतुपुरस्सर. हलका टायर उपयुक्त खरा. पण तो आधी रिमला, मग भाराला आणि त्यानंतर जमिनीला साजेसा असला पाहिजे. हा क्रम उलटला म्हणजे वाचलेले ग्रॅम कागदावर राहतात आणि धोका मात्र स्वाराच्या वाट्याला येतो.