पट्टा कसण्याआधी खुणा पाहा



ऊस विकास अधिकाऱ्याने इंजिनावर लिहावे याचे कोणाला नवल वाटेल. पण बेणे वेळेवर शेतात पोचायचे तर गाडी चालली पाहिजे. म्हणून माझीच एक चूक सांगतो.

सुरू लागवडीचे दिवस होते. को ८६०३२ चे बेणे जुन्या डिझेल पिकअपमध्ये भरून निघालो. नागपूरहून अमरावती रस्त्याला लागले की वाडी येते. मालट्रकांचे नि गोदामांचे गाव. तेथे इंजिनाच्या पुढच्या बाजूने किरकिर सुरू झाली. टायमिंगचा पट्टा सैल असेल असे समजून मी टेन्शनरचा बोल्ट ढिला केला, टेन्शनर थोडा सरकवला आणि कसून टाकला. स्टार्टर मारणार तोच जवळचे एक वृद्ध मिस्त्री म्हणाले, "साहेब, खुणा पाह्यल्या का जी? अगोदर हातानं फिरवून पहा." पाना लावून फिरवले, तर तो मध्येच खट्ट अडला. व्हॉल्व्ह पिस्टनला टेकला होता. स्टार्टर मारला असता तर व्हॉल्व्ह वाकले असते, हेड उतरवावे लागले असते आणि बेणे गाडीतच वाळले असते.

असे का होते? पंपाचा सपाट पट्टा घसरला तर पाणी कमी येते, एवढेच. टायमिंगच्या पट्ट्याचे तसे नाही. त्याला दाते असतात. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची एकच फेरी व्हावी, म्हणून कॅमच्या पुलीला दुप्पट दाते ठेवतात. क्रँकच्या पुलीला २० दाते धरले, तर एक दात चुकल्यास १८ अंशांचा फरक पडतो. तेवढ्यानेही ताकद कमी होते, धूर येतो. जास्त दाते चुकले तर धडक. डिझेल इंजिनात हवा सुमारे १६ ते २२ पट दाबायची असल्याने पिस्टन वर आला की व्हॉल्व्हला जागाच उरत नाही.

शिवाय व्हॉल्व्हच्या स्प्रिंगा कॅमला सतत रेटत असतात. पट्टा ढिला होताच कॅम आपोआप सरकतो. माझे तेथेच चुकले.

योग्य पद्धत अशी :

(१) इंजिन थंड होऊ द्यावे. बॅटरीची तार काढावी.

(२) क्रँकच्या बोल्टला पाना लावून इंजिन चालते त्याच दिशेने फिरवावे. पहिल्या सिलिंडरचा पिस्टन दाबाच्या वेळी अगदी वर आणावा. त्यावेळी त्याचे दोन्ही व्हॉल्व्ह बंद असतात. कॅमचा बोल्ट धरून इंजिन फिरवू नये.

(३) क्रँक, कॅम आणि डिझेल पंपही याच पट्ट्यावर असल्यास त्याची, अशा सर्व खुणा जुळल्या का ते पाहावे. जुळल्यावरच टेन्शनर ढिला करावा.

(४) पट्टा क्रँकपासून चढवत न्यावा. ओढाची बाजू ताठ राहिली पाहिजे. सगळी ढील टेन्शनरच्या बाजूला यावी.

(५) टेन्शनर लावून हाताने पूर्ण दोन फेऱ्या द्याव्यात. एका फेरीत कॅम अर्धाच फिरतो, म्हणून दोन. कोठे अडले तर जोर करू नये. थोडे उलट फिरवून जाणत्या मिस्त्रीला बोलवावे.

(६) खुणा पुन्हा पाहाव्यात. पुल्यांवरच्या खुणा जुळल्याच पाहिजेत. पट्ट्यावर खडूने खूण केली असेल तर ती पुढे गेलेली दिसेल. त्याने घाबरू नये. मग ताण तपासून बोल्ट पक्का करावा. ताण किती, हे त्या गाडीच्या पुस्तकाप्रमाणे.

पट्ट्याला चिरा गेल्या असतील किंवा तेल लागले असेल तर तो बदलावा. तेथे काटकसर नको.

विहिरीवरच्या एक सिलिंडरच्या डिझेल इंजिनात सहसा हा पट्टा नसतो, दातेरी चक्रे असतात. पण खुणा त्यांवरही असतात. चक्रे काढली तर नियम तोच.

त्या दिवशी बेण्यावर ओली पोती टाकून ठेवली, दोन तास मोडले, पण लागवड झाली. दोन फेऱ्या हाताने द्यायला दोन मिनिटेही लागत नाहीत. तेवढी सवय लावून घ्यावी, ही विनंती.